खंजिरीचा ठोका चुकू नये म्हणून

तुकडोजी महाराज 1936 साली सेवाग्रामला, म्हणजे तेव्हाच्या सेगावला, गांधीजींच्या सहवासात राहिले होते. त्यांच्या खंजिरीच्या नादावर वर्धा जिल्ह्याच्या कितीतरी पिढ्या वाढल्या. गावोगावच्या गुरुदेव सेवा मंडळांत आजही ती वाजते. फरक एवढाच, की जुनी भजने आता कॅसेटऐवजी संगणकावरून किंवा पेनड्राइव्हवरून लागतात. खंजिरीवर बोट पडले, की काही मिलिसेकंदांत आवाज शून्यातून टिपेला जातो. नेमका तेवढाच तुकडा गळला, तर थापच नाहीशी होते आणि तिच्या जागी ‘टक्’ असा परका आवाज येतो. संगणकावर भजन ऐकणाऱ्या अनेकांनी तो ऐकला असेल आणि फाइल खराब आहे असे समजून सोडून दिला असेल. बरेचदा फाइल चांगली असते, गडबड ऑपरेटिंग सिस्टीममध्ये असते.

1982 मध्ये बाजारात आलेल्या सीडीने ठरवलेले माप अजून चालते. सेकंदाला 44,100 नमुने, प्रत्येक नमुना 16 बिटांचा, डावा आणि उजवा असे दोन मार्ग. हिशेब केला तर सेकंदाला 1,76,400 बाइट होतात. आजच्या साध्यात साध्या संगणकालाही हे काम किरकोळ आहे. पण दोन नमुन्यांत अंतर असते जेमतेम 22.7 मायक्रोसेकंदांचे आणि ही रांग एकदाही तुटून चालत नाही. म्हणून संगीताला वेगापेक्षा वक्तशीरपणा जास्त लागतो, आणि घरातल्या नेहमीच्या संगणकाची अडचण तिथेच आहे.

त्या संगणकावर एकाच वेळी शेकडो कामे सुरू असतात. अपडेट शोधणे, व्हायरस तपासणे, फाइलींची सूची करणे, वाय-फायवर नजर ठेवणे. प्रोसेसर प्रत्येकाला थोडा थोडा वेळ वाटून देतो. म्हणूनच संगीताचे नमुने आधी बफरमध्ये साठवतात. बफर म्हणजे गच्चीवरची टाकी: नळाला पाणी मागेपुढे आले तरी घरातली धार चालू राहते. एखाद्या दांडग्या कामाने प्रोसेसर अडवून धरला आणि तेवढ्यात टाकी रिकामी झाली, की ‘टक्’ होते. नुसते गाणे ऐकायचे असेल तर अर्ध्या सेकंदाची मोठी टाकीही चालते. प्रत्यक्ष गायन-वादन संगणकातून न्यायचे असेल तर मात्र 256 नमुन्यांची, म्हणजे सहा मिलिसेकंदांहूनही लहान टाकी ठेवावी लागते, कारण गायकाला स्वतःचा आवाज उशिरा ऐकू आला तर तो बेताल होतो. अशा कामासाठी लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीममध्ये वेळेची हमी देणारी ‘रिअल टाइम’ सोय असावी म्हणून जगभरचे प्रोग्रॅमर सुमारे 20 वर्षे झटत होते. नोव्हेंबर 2024 मध्ये आलेल्या 6.12 या आवृत्तीत ती मूळ कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टीमच्या गाभ्यात, दाखल झाली.

ऐकण्यासाठी एवढे काही लागत नाही. तिथे उपाय एकच, नको ते काढून टाकणे. लिनक्सचे कर्नल स्वतः बांधताना यादीतून प्रिंटर, कॅमेरा, ब्लूटूथ असे एकेक घटक वगळता येतात. उरते काय? कर्नल, साउंड कार्डाशी बोलणारी ‘अल्सा’ ही प्रणाली, फाइली वाचण्याची सोय आणि गाणे वाजवणारा एक छोटा प्रोग्रॅम. यासाठी 2003 पासून चालत आलेला ‘म्युझिक प्लेयर डीमन’ उत्तम. त्याला पडदा लागत नाही, मोबाइलवरून हुकूम सोडता येतो. विंडोज 11 ला किमान 64 जीबी जागा लागते. ‘टायनी कोअर’ लिनक्स 25 एमबीच्या आत बसते. त्याच्यावरच बेतलेला ‘पायकोअरप्लेयर’ रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकावर चालतो आणि सुरू होताच पूर्णपणे रॅममध्ये जाऊन बसतो.

रॅममध्ये बसण्याचे मोल वर्धेकरांना वेगळे सांगायला नको. संगणक मेमरी कार्डावर काही लिहीत असताना लाइन गेली, तर कार्डावरची माहिती बिघडू शकते आणि पुढच्या वेळी यंत्र सुरूच होत नाही. सिस्टीम रॅममध्ये असेल आणि कार्डावर काही लिहिलेच जात नसेल, तर बटण बंद करा नाहीतर लाइन जाऊ द्या, बिघडत काही नाही. तीच गोष्ट उन्हाची. मे महिन्यात इथला पारा 45 अंशांपुढे जातो. रास्पबेरी पायची चिप 80 अंशांच्या आसपास तापली की स्वतःच वेग कमी करते. कामच थोडे असेल तर ती तेवढी तापत नाही, पंखा लागत नाही आणि गाण्याच्या मागची घरघरही जाते.

आणखी एक दोष असतो, आणि तो सहजी कानाला कळत नाही. नेहमीच्या सिस्टीम सगळे आवाज एकत्र मिसळण्यासाठी एकाच मापात आणतात. सीडीचे 44,100 नमुने ओढूनताणून 48,000 केले जातात, म्हणजे बहुतेक नमुने नव्याने मोजून भरले जातात. मूळ नमुने जसेच्या तसे पुढे जावेत असे वाटत असेल तर मध्ये मिसळणारा कोणी नको. गाणे सुरू असताना लिनक्सच्या ‘प्रॉक’ विभागातली साउंड कार्डाची फाइल उघडली की चालू माप दिसते. सीडीवरून घेतलेले भजन लावले असताना तिथे 48,000 दिसले, तर वाटेत कोणीतरी ढवळाढवळ केली आहे हे नक्की.

या क्षेत्रात अतिशयोक्तीही भरपूर आहे. अमुक कर्नलने सूर गोड झाला, तमुक आवृत्तीत तंबोरा खुलला, असे दावे छातीठोकपणे केले जातात. चांगले यूएसबी डॅक, म्हणजे आकड्यांचा आवाज करणारे उपकरण, स्वतःच्या घड्याळाने चालते आणि संगणकाकडून लागतील तसे नमुने मागून घेते. नमुने तेच आणि घड्याळ डॅकचे, मग टाकी रिकामी होत नाही तोवर कर्नल बदलून गोडवा यायचा कुठून? छोट्या सिस्टीमचे खरे फायदे खंड न पडणे, फेरफार न होणे, कमी तापणे आणि लाइन गेली तरी शाबूत राहणे हे आहेत, आणि माझ्या मते ते पुरेसे आहेत.

तेव्हा महागडा ‘म्युझिक सर्व्हर’ घेण्याआधी घरातला किंवा शाळेतला अडगळीत पडलेला संगणक बाहेर काढा. त्यात टायनी कोअर घाला, ते फुकट आहे. रास्पबेरी पाय वापरणार असाल तर त्याच्या हेडफोनच्या छिद्रावर विसंबू नका, तिथला आवाज सुमार असतो. वेगळे डॅक जोडा. स्पीकरमधून 50 हर्ट्झची गुणगुण येत असेल तर आधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. आणि हातात पैसे असलेच तर ते चांगल्या स्पीकरवर खर्च करा.