ओढतं कोण? स्नायूपासून पेशीच्या आतल्या हमालांपर्यंत

एकलहऱ्यात बोलायचं म्हटल्यावर सुरुवात वीज केंद्रापासूनच करावी लागते. तुमच्यापैकी कित्येकांनी तिथं उभं आयुष्य काढलंय. कोळसा जाळा, पाण्याची वाफ करा, वाफेवर टर्बाइन फिरवा, हे मी तुम्हाला सांगायला नको. मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर तुमच्यातल्याच एका निवृत्त ऑपरेटरनी मला गाठलं. म्हणाले, "सर, माणूस भाकरी खातो आणि पोतं उचलतो. त्याचा बॉयलर कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. वर्गात मी वर्षानुवर्षं सांख्यांचा पंगू आणि आंधळ्याचा दृष्टान्त शिकवला. पुरुष पाहतो पण चालत नाही, प्रकृती चालते पण पाहत नाही. पण चालते म्हणजे नेमकं काय होतं, हे ना मी विचारलं, ना विद्यार्थ्यांनी. म्हणून मग थोडं वाचलं. त्यातलं आज सांगतो.

पहिली गोष्ट, बॉयलर नाहीच. उष्णतेवर चालणाऱ्या यंत्राला एक बाजू गरम आणि एक थंड लागते. आपलं अंग आतून साधारण सगळीकडे ३७ अंशांवर. तेव्हा अन्नातली रासायनिक ऊर्जा उष्णतेच्या वाटेनं न जाता थेट हालचालीत उतरत असली पाहिजे. ती वाहून नेणारं चलनी नाणं म्हणजे एटीपी नावाचा रेणू. १९३९ साली एंगेलहार्ट आणि ल्युबिमोवा या रशियन शास्त्रज्ञांनी दाखवलं, की स्नायूतलं मायोसिन हे प्रथिन स्वतःच एटीपी फोडतं. पुढं ऐन महायुद्धात हंगेरीतल्या सेगेद इथं सेंट-ग्यॉर्गी यांच्या प्रयोगशाळेत स्ट्राउब यांनी दुसरं प्रथिन वेगळं काढलं, अ‍ॅक्टिन. दोन्ही मिसळून केलेल्या धाग्यांवर एटीपी घातलं, की बशीत धागे आकसायचे. जनावर नाही, जीव नाही, इच्छा नाही, तरी हालचाल आहे!

आकसतं म्हणजे काय, ते १९५४ साली कळलं. हक्सली आडनावाचे दोन वेगळे शास्त्रज्ञ, एकमेकांचे नातेवाईक नव्हेत, आपापल्या सहकाऱ्यांबरोबर एकाच निष्कर्षाला आले. धागे आखूड होत नाहीत, ते एकमेकांवरून सरकतात. मायोसिनची बारीक डोकी अ‍ॅक्टिनच्या धाग्याला धरतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पुढं धरतात. विहिरीतून दोर खेचताना आपण हात बदलतो ना, तसंच.

आता इथं जरा थांबा. एटीपी नेमकं कधी लागतं? मला वाटलं होतं, धरायला. पण नवीन एटीपी येऊन चिकटल्यावर मायोसिन अ‍ॅक्टिनला *सोडतं*. मग ते एटीपी फुटतं आणि डोकं पुढच्या खेचीसाठी सज्ज होतं. याचा पुरावा आपण सगळ्यांनी पाहिलाय. माणूस गेल्यावर काही तासांत अंग ताठरतं. घरचे म्हणतात, हात सरळ करून घ्या, नंतर होणार नाहीत. एटीपी संपलेलं असतं, म्हणून डोक्यांनी धरलेली पकड सुटत नाही.

हे झालं स्नायूचं. पण अशी ओढाताण प्रत्येक पेशीत चालते. पेशी म्हणजे पाण्याची पिशवी नव्हे. तिच्यात प्रथिनांच्या तारांचा आणि नळ्यांचा सांगाडा असतो. त्यातल्या सूक्ष्मनलिका साधारण २५ नॅनोमीटर जाडीच्या. त्यांच्यावरून मालाची ने-आण होते, आणि ती करणारे हमाल मुख्यतः दोन. डायनीन, ज्याला १९६५ साली गिबन्स यांनी नाव दिलं, आणि कायनेसिन, जे १९८५ साली सापडलं. सर्वसाधारणपणे कायनेसिन माल पेशीच्या कडेकडं नेतं, डायनीन मध्याकडं आणतं.

या हमालांची ताकद मोजण्याचं मोठं काम आपल्या मुंबईत झालंय. रूप मलिक मूळचे भौतिकशास्त्रज्ञ. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत त्यांनी पीएच.डी. केली ती चुंबकीय पदार्थांवर. जीवशास्त्राशी काडीचा संबंध नाही! मग कॅलिफोर्नियात स्टीव्हन ग्रॉस यांच्याकडं गेले आणि प्रथिनांच्या मागं लागले. प्रकाशाच्या किरणानं बारीक मणी पकडून धरता येतो. त्या मण्याला डायनीन ओढायला लागलं, की ते किती जोर लावतं हे मोजता येतं. २००४ साली 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं, की ओझं नसताना डायनीन २४ ते ३२ नॅनोमीटरची ढांग टाकतं आणि ओझं वाढलं की ८ नॅनोमीटरवर येतं. घाटात ट्रक गिअर बदलतो तसं.

परत मुंबईत येऊन त्यांनी पुढचा प्रश्न घेतला. एकटं डायनीन दुबळं असतं. त्याचा जोर सुमारे एक पिकोन्यूटन, म्हणजे शंभर ग्रॅम वजनाचा लाख-कोटीवा भाग. कायनेसिनचा जोर त्याच्या पाचसहा पट. मग पेशीतली मोठी ओझी डायनीन कशी ओढतं? रोगजंतू गिळणाऱ्या पेशींना त्यांनी प्लास्टिकचे मणी गिळायला लावले आणि पेशीच्या आतच जोर मोजला. २०१३ साली उत्तर छापून आलं. कायनेसिनना एकत्र ओढणं जमत नाही. डायनीनना जमतं. जोर लागला की पुढचं डायनीन पावलं आखूड करतं, म्हणून मागची त्याला येऊन मिळतात आणि ओझं वाटलं जातं. शिवाय जास्त ओढ बसली की त्यांची पकड सुटण्याऐवजी घट्ट होते. निवृत्तिनाथांची दिंडी त्र्यंबकेश्वरहून निघते तेव्हा चढावर पुढचे वारकरी पाऊल आवरतात आणि मागचे गाठतात, ते आठवा. गाव करील ते राव काय करील!

पण हो, मी तत्त्वज्ञानाचा माणूस, एक सावधगिरीचं सांगतो. डायनीनला सहकार्य कळत नाही. तो प्रथिनाच्या घडणीचा परिणाम आहे. त्यातून नीतिपाठ काढायचा मोह मलाही होतो, तो आवरावा.

याचा उपयोग काय, असं कुणीतरी विचारणारच. मलिक यांच्या गटानं यकृत पाहिलं. जेवणानंतर रक्तात इन्सुलिन वाढतं, कायनेसिन यकृतातल्या चरबीच्या थेंबांवर बसतं आणि त्यांना पेशीच्या कडेकडं नेतं. तिथून ती चरबी रक्तात जाते. उपासात यकृतात चरबी लोटते, पण इन्सुलिन कमी असल्यानं कायनेसिन थेंबांवरून उतरतं. त्यामुळं सगळी चरबी एकदम रक्तात जात नाही. एकादशी करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. पेशीतल्या या हमालांवरच्या कामासाठी त्यांना २०१४ साली भटनागर पारितोषिक आणि २०१८ साली इन्फोसिस पारितोषिक मिळालं. आता ते आयआयटी मुंबईत आहेत. चुंबकापासून निघालेला माणूस यकृताच्या चरबीपर्यंत पोचला. हे आधी कुणाला अर्ज करून मागता आलं असतं का? मला नाही वाटत.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. "मी हात उचलला" यातला "मी" कुठं? सांख्यांचं पाहणारा आणि चालणारी हे वाटप मला आजही विचार करायला लावतं. पण "चालते" या एका शब्दात आम्ही कोट्यवधी रेणूंचं धरणं आणि सोडणं गुंडाळून ठेवलं होतं, एवढं कबूल करायला हवं. पाहणारा कोण, हे या संशोधनानं सुटलेलं नाही. त्या प्रश्नाचा निम्मा भाग मात्र तत्त्वज्ञानाच्या वर्गातून प्रयोगशाळेत गेला, आणि तिथं त्याचं चांगलं झालं.

ऑपरेटरसाहेब आज पहिल्या रांगेत बसलेत. साहेब, बॉयलर नाही, पण हमाल पुष्कळ आहेत. तुमचा पुढचा प्रश्न जरा सोपा काढा.