‘बिनव्याजी’ फ्रिज

दुकानात फ्रिजची किंमत विचारावी, तर उत्तर हप्त्यात मिळते. "भाभीजी, महिन्याला फक्त दोन हजार!" एकूण किती, हे तीनदा विचारावे लागते. दरवाजाच्या रंगाचे कौतुक मात्र न विचारता ऐकायला मिळते.

सूद नको म्हणून आपल्यातली अनेक घरे हप्ता टाळतात. त्यांच्यासाठी विक्रेत्याकडे ठरलेले वाक्य असते, "हे नो-कॉस्ट आहे, व्याजच नाही." पण कर्जाच्या कागदावर व्याज बहुधा असतेच, तेवढीच सूट किमतीत दाखवून ते झाकलेले असते. वर प्रोसेसिंग फी, आणि त्या फीवर १८ टक्के जीएसटी. शून्य टक्के व्याज अशी काही चीजच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावले होते.

तेव्हा भगिनींनो, सही करण्याआधी रोखीचा भाव विचारा आणि कर्जाच्या कागदावरचा व्याजाचा रकाना स्वतः वाचा. आमच्या शेजारच्या खालांनी तो कागद मागितला. चहा आला, मॅनेजर आला, कागद काही आला नाही. खाला चहा पिऊन उठल्या. फ्रिज अजून घ्यायचा आहे.