रांगेतल्या माणसाचा हक्क

२०२५ सालच्या जानेवारीत, जेमतेम आठवड्याच्या अंतराने, ठाणे जिल्ह्यात दोन मोठे मेळे भरले. पहिला मुरबाड तालुक्यातील म्हसे गावचा. पौष पौर्णिमेस, म्हणजे त्या वर्षी १३ जानेवारीस, खांबलिंगेश्वराच्या यात्रेला प्रारंभ झाला. बैलांचा बाजार, घोंगड्यांची दुकाने, पाळणे आणि तमाशाच्या कनाती ही या यात्रेची जुनी आकर्षणे. मुरबाड-शहापूरचे शेतकरी, डोंगरातले ठाकूर-कातकरी आणि माळशेज घाट उतरून आलेले जुन्नरकडचे लोक तेथे एकत्र येतात. दुसरा मेळा जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, नेरूळच्या डी. वाय. पाटील क्रीडांगणावर १८, १९ आणि २१ जानेवारीला भरला. 'कोल्डप्ले' या इंग्रज वाद्यवृंदाचे ते कार्यक्रम होते. एकीकडे ढोलकी आणि दुसरीकडे गिटार. पण दोन्हीकडे माणसे आली ती खिशातले पैसे मोजून, घटकाभर गाणे ऐकण्यासाठी.

तथापि या दोन मेळ्यांत एक मोठा फरक होता. तंबूतल्या तमाशाचे तिकीट खेळाच्या आधी खिडकीवर विकले जाते आणि घेणारा ते हातात धरून सरळ कनातीत शिरतो. घेणे आणि शिरणे यांच्यामध्ये तिसऱ्या माणसाला जागाच राहात नाही. नेरूळच्या कार्यक्रमांची विक्री मात्र चार महिने आधी, २२ सप्टेंबर २०२४ रोजी दुपारी बारा वाजता, संकेतस्थळावर सुरू झाली. छापील किंमत अडीच हजारांपासून पस्तीस हजार रुपयांपर्यंत होती. एक कोटीहून अधिक लोक त्या अदृश्य खिडकीपुढे उभे राहिले. संकेतस्थळ काही काळ कोलमडले, मग तिकिटे संपली, आणि लागलीच परदेशी पुनर्विक्रीच्या संकेतस्थळांवर तीच तिकिटे लाखांच्या भावाने झळकू लागली. चार महिन्यांच्या त्या मधल्या अवधीत दलालाचे दुकान थाटले गेले.

एका परदेशी गाण्याच्या कार्यक्रमासाठी वृत्तपत्राने पहिल्या पानाची जागा का अडवावी, असे काही वाचक विचारतील. ज्यांना पस्तीस हजार परवडतात त्यांनी एक लाख मोजले तर आपले काय बिघडले, असेही म्हणतील. आमच्या मते प्रश्न गाण्याचा नाही आणि श्रीमंतांच्या चोचल्यांचाही नाही. तो रांगेचा आहे. जो आधी आला त्याला आधी मिळेल, हा नियम शाळकरी मुलालाही कळतो. शिधावाटपाच्या दुकानात, एस. टी.च्या थांब्यावर, इस्पितळाच्या दारात आपण तो पाळतो, कारण तेथे मोठ्या घरच्याचा आणि गरीब घरच्याचा वेळ सारखाच मोजला जातो. हा नियम एका ठिकाणी हास्यास्पद ठरला की त्याची लाज दुसऱ्या ठिकाणीही सुटते.

शहापूर तालुक्यातल्या डोळखांबचा किंवा किन्हवलीचा एखादा महाविद्यालयीन विद्यार्थी डोळ्यांपुढे आणा. तो पहाटे घर सोडतो, आसनगावला लोकल गाठतो आणि कल्याणला किंवा ठाण्याला शिकावयास जातो. ही इंग्रजी गाणी त्याने मोबाईलवर ऐकून पाठ केली आहेत. सुटीत कोठेतरी काम करून त्याने अडीच हजार रुपये बाजूला टाकले आहेत. रविवारी दुपारी बाराच्या आधी तो, मोबाईलला 'रेंज' मिळावी म्हणून, गावाबाहेरच्या टेकाडावर जाऊन बसला. त्याचा क्रमांक लागला काही लाखांनंतर. तिकिटे संपली याचे त्याला दुःख नाही. ती कोणाला तरी मिळणारच होती. पण ज्याला गाणे ऐकावयाचेच नव्हते अशा माणसाने आपल्या पुढचा क्रमांक घेतला आणि आता तोच आपल्याला दहापट दराने तिकीट देऊ करीत आहे, हे पाहून त्याच्या मनात नियमांविषयी कोणता आदर शिल्लक राहील? आम्ही आयुष्याची काही वर्षे वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकविण्यात घालविली आहेत. या एका दुपारचा धडा त्या साऱ्या शिकवणुकीवर बोळा फिरविण्यास पुरेसा आहे.

तिकिटांचा काळाबाजार मुंबईला नवा नाही. चित्रपटगृहाबाहेर दबक्या आवाजात दुप्पट भाव पुकारणारे 'ब्लॅकवाले' ज्यांनी पाहिले ती पिढी अद्याप आपल्यांत आहे. १९६० साली पडद्यावर आलेल्या विजय आनंद यांच्या 'काला बाजार' या चित्रपटाचा नायकच मुळी हा धंदा करणारा होता. पुढे हा ब्लॅकवाला दिसेनासा झाला, त्याचे मोठे श्रेय पोलिसांच्या दंडुक्यापेक्षा वाढलेल्या पडद्यांना आहे. एकच चित्रपट एका दिवसात शेकडो ठिकाणी दाखवता येऊ लागल्यावर टंचाई संपली आणि टंचाईवर जगणाराही संपला. पण हाडामांसाचा गायक एका रात्री एकाच रंगमंचावर उभा राहू शकतो. तेथे टंचाई अटळ आहे. म्हणून पडदे वाढवून सुटलेले कोडे येथे तसे सुटणार नाही.

शिवाय नवा ब्लॅकवाला जुन्याहून फार वेगळा आहे. जुना रांगेत घुसला तर दिसत असे आणि कोणीतरी त्याची कॉलर धरीत असे. नवा दिसतच नाही. तो अनेक नावांनी अनेक खाती उघडतो, माणसाच्या बोटापेक्षा वेगाने चालणाऱ्या यंत्रप्रणालीकडून तिकिटे उचलतो आणि परप्रांतात किंवा परदेशात बसून विकतो. पुष्कळदा तर त्याच्याजवळ तिकीट नसतेच. विक्री सुरू होण्याआधीच तो ते 'विकावयास' काढतो आणि मागाहून मिळाले तर देतो. न मिळाले तर बनावट देतो, अथवा नाहीसा होतो. बाजारात तुरी म्हणतात ती हीच!

या प्रकारानंतर सरकारी यंत्रणा स्वस्थ बसल्या असे म्हणणे अन्यायाचे होईल. मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तिकीटविक्री करणाऱ्या 'बुकमायशो' या कंपनीच्या प्रमुखांना चौकशीसाठी बोलावले. कंपनीनेही आपल्या परीने पोलिसांकडे तक्रार नोंदविली. ऑक्टोबर २०२४ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने पाच राज्यांत तेरा ठिकाणी झडत्या घेतल्या. तिकिटावर नाव छापावे आणि प्रवेशद्वारी ओळखपत्र पाहावे, अशा सूचना राज्याच्या सायबर विभागाने दिल्या. मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिकाही आली. ती मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने १० जानेवारी २०२५ रोजी फेटाळली. हा धोरणाचा विषय असून त्यावर नियम करणे हे विधिमंडळाचे आणि शासनाचे काम आहे, असा त्या निर्णयाचा आशय होता. न्यायालयाने दार लावले असे कोणी समजू नये. त्याने दुसऱ्या, अधिक योग्य दाराकडे बोट दाखविले आहे.

त्या दुसऱ्या दाराशी काय आहे? मुंबईत करमणुकीच्या कार्यक्रमांना परवाने देण्याचे नियम १९६० सालचे आहेत. त्यांच्या शीर्षकात मेळे आणि तमाशे यांचा नावानिशी उल्लेख आहे. मोबाईलवरच्या खिडकीचा उल्लेख त्यांत कोठून असणार? उलट रेल्वेकडे पाहा. १९८९ च्या रेल्वे कायद्याचे १४३ वे कलम परवान्याविना तिकिटांचा धंदा करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा सांगते. जुलै २०२५ पासून रेल्वेने संकेतस्थळावरील तत्काळ तिकिटांसाठी आधारची पडताळणीही आवश्यक केली. रेल्वेतील दलाल यामुळे समूळ नष्ट झाला असे नाही. पण तो गुन्हा करतो आहे, हे त्याला आणि प्रवाशाला दोघांनाही ठाऊक आहे. गाण्याच्या तिकिटाच्या बाबतीत एवढीही स्पष्टता नाही.

याविरुद्ध एक युक्तिवाद नेहमी केला जातो. वस्तूला गिऱ्हाईक देईल ती किंमत; विकणारा राजी आणि घेणारा राजी असताना सरकारने मध्ये का पडावे? वरवर पाहता हा युक्तिवाद बिनतोड वाटतो. पण जास्त किंमत घेणे आणि ती जास्तीची किंमत भलत्याच्या खिशात जाणे, या दोन गोष्टी एक नव्हेत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात केशवराव भोसले आणि बालगंधर्व यांनी मिळून 'संयुक्त मानापमान' केले. त्या खेळाचे दर त्या काळाच्या मानाने भारीच होते. पण ते उघडपणे लावलेले होते आणि उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. देणाऱ्याला आपण काय आणि कशासाठी देतो हे माहीत होते. काळाबाजारवाला मात्र ना सूर लावतो, ना मांडव घालतो, ना कोणत्या फंडाला पैसे देतो. कलावंताने जाणूनबुजून कमी ठेवलेली किंमत आणि रसिकाची आतुरता, या दोहोंमधले अंतर तो गिळतो.

मग करावे काय? अन्य देशांचा अनुभव काही वाटा दाखवितो. छापील किमतीपेक्षा अधिक दराने तिकीट विकण्यास आयर्लंडने २०२१ च्या कायद्याने बंदी केली. जपानने २०१८ मध्ये केलेला तसा कायदा २०१९ पासून अमलात आणला. ब्रिटनच्या सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याच दिशेने जाण्याचे जाहीर केले. आपल्याकडील कायद्यातही तीन गोष्टी स्पष्ट असाव्यात, असे आम्हांस वाटते. छापील किमतीवर विक्री नको. हातात नसलेल्या तिकिटाची जाहिरात नको. आणि शिक्षेचा मुख्य रोख फाटकापाशी दोन तिकिटे विकणाऱ्या पोरावर नव्हे, तर हा व्यापार चालू देऊन त्यावर दलाली घेणाऱ्या संकेतस्थळांवर हवा.

परंतु केवळ बंदीने काम भागणार नाही. ज्याने प्रामाणिकपणे तिकीट घेतले त्याच्या घरीही आजारपण येते, परीक्षा येते. त्याने तिकीट कोणाला द्यावे? नाव बांधून टाकले आणि परतीची सोय ठेवली नाही, तर रोगापेक्षा औषध भयंकर व्हावयाचे. येथे रेल्वेचीच प्रतीक्षायादी उपयोगी पडेल. ज्याला जाणे जमत नाही त्याने तिकीट मूळ विक्रेत्याकडे परत करावे, त्याचे पैसे त्याला मिळावेत आणि तिकीट यादीतल्या पुढच्या माणसाला त्याच किमतीत जावे. हा सरळ रस्ता खुला असेल तर आडरस्त्याने जाणारे आपोआप कमी होतील. स्वतः कोल्डप्लेने नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे दोन हजार रुपयांची काही तिकिटे काढली. ती जोडीनेच घ्यावयाची होती आणि जागा कोणती हे खिडकीवरून तिकीट उचलतानाच कळणार होते. जी जागा कोणती हे ठाऊक नाही ती चढ्या भावाने विकणार कशी? युक्ती साधी होती. अशा तिकिटांचा निश्चित हिस्सा प्रत्येक मोठ्या कार्यक्रमात असावा, आणि काही हिस्सा खऱ्याखुऱ्या खिडक्यांवरही विकला जावा. कल्याणला, आसनगावला, मुरबाडच्या एस. टी. स्थानकावर अशी खिडकी एक दिवस उघडली, तर टेकाडावर 'रेंज' शोधणाऱ्या मुलालाही रांग दिसेल आणि रांगेतला आपला क्रमांकही दिसेल.

आता एक कटू गोष्ट बोलणे प्राप्त आहे. विक्रीस एकंदर किती तिकिटे खुली होती, हे रसिकाला बहुधा कळतच नाही. २ एप्रिल २०११ रोजी वानखेडे मैदानावर क्रिकेटच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. मैदानाची क्षमता सुमारे तेहतीस हजार, आणि सर्वसामान्यांसाठी विक्रीला अवघी चार हजार तिकिटे असल्याचे तेव्हा प्रसिद्ध झाले होते. बाकीची क्लबांत, प्रायोजकांत आणि मानकऱ्यांत वाटली गेली. टंचाईतली केवढी तरी टंचाई अशी आधीच निर्माण झालेली असते. म्हणून परवाना देतानाच खुली तिकिटे किती आणि राखीव किती, हे जाहीर करण्याची अट घातली पाहिजे. ही अट घालणारेच मानाच्या पासांवर पहिल्या रांगेत बसणार असतील, तर कुंपणानेच शेत खाल्ले असे होईल.

आणि आम्ही-तुम्ही तरी या दोषापासून मुक्त आहोत काय? कार्यक्रम जाहीर झाला की सुशिक्षित घरांत पहिला प्रश्न निघतो तो 'विक्री कधी आहे?' हा नव्हे, तर 'आपल्या ओळखीचा कोणी आहे का?' हा. ओळखीने मिळालेला पास आपण चारचौघांत कौतुकाने दाखवितो, आणि तो न मिळाल्यास काळ्या बाजारातले तिकीट घेऊन पुन्हा काळ्या बाजारालाच शिव्या देतो. दलालाला गिऱ्हाईक आपण पुरवितो. ज्या दिवशी चढ्या भावाचे तिकीट हातात असणे ही मिरविण्याची नव्हे तर लपविण्याची गोष्ट वाटेल, त्या दिवशी कायद्याचे निम्मे काम झालेले असेल.

म्हशाच्या यात्रेतली तमाशाची कनात ही काही आदर्श व्यवस्था आहे असे आम्ही म्हणत नाही. उशिरा येणाऱ्याला तेथेही मागे उभे राहावे लागते. पण आपण मागे का उभे आहोत, हे त्याला कळते: तो उशिरा आला. नेरूळच्या फाटकाबाहेर राहिलेल्या शहापूरच्या मुलाला एवढे तरी उत्तर देता आले पाहिजे. उच्च न्यायालयाने हा प्रश्न विधिमंडळाकडे सोपविला आहे. ठाणे जिल्ह्यातील आमदारांनी पक्षभेद बाजूला ठेवून येत्या अधिवेशनात तो मांडावा, आणि शासनाने पुढच्या मोठ्या कार्यक्रमाला परवाना देण्यापूर्वी वर सांगितलेल्या अटी नियमांत घालाव्यात, एवढीच आमची मागणी आहे.