खोक्यावरचे ‘आठ कोर’

मनामात बाब अल बहरीनमागच्या बाजारातून गावी आईबाबांसाठी अँड्रॉइड टॅब घेताय? मग खोक्यावरच्या ‘ऑक्टाकोर’ला भुलू नका. आठ कोर सगळीकडे सारखे नसतात. हेलिओ जी९९ या चिपमध्ये दोन वेगवान ए७६ नि सहा काटकसरी ए५५ असतात. काही स्वस्त चिपमध्ये मात्र आठही ए५३, म्हणजे २०१२ साली जाहीर झालेला आराखडा. ॲप चटकन उघडणं बरंचसं एकेका कोरच्या वेगावर ठरतं. नुसती संख्या कामाची नाही.

दुकानातच टॅब सुरू करा. सेटिंग्जमध्ये ‘अबाउट टॅब्लेट’ बघा. तिथे प्रोसेसर दिला नसेल, तर ‘सीपीयू-झेड’ ॲप टाका. त्यात चिपचं नाव नि कोरचा प्रकार, दोन्ही कळतं. पाच मिनिटांचं काम, पण पैसे देण्याआधी करा. टॅब एकदा गावी पोचला की बदलून कोण देणार?