परिचारिकेची शिकवण आणि रुग्णाचा निर्णय : सिकलसेलच्या निमित्ताने

ज्ञानबंदीचा विचार आपण आजवर शाळा, ग्रंथ आणि धर्मपीठ या ठिकाणी केला. आणखी एक ठिकाण आपल्या चर्चेतून राहून गेले आहे. ते म्हणजे रुग्णालयातील खाट. आपल्या देहाला काय झाले आहे, औषध कशासाठी आहे, ते थांबवले तर काय होईल आणि पुढचा निर्णय कोणी घ्यायचा, या प्रश्नांची उत्तरे ज्याच्याजवळ नाहीत तो माणूस रुग्णालयातून बरा होऊन बाहेर पडला तरी परावलंबीच राहतो. त्या खाटेपाशी सर्वांत जास्त वेळ उभी असते ती परिचारिका. म्हणून तिच्याजवळचे ज्ञान कोणते, ते रुग्णापर्यंत कसे पोचते आणि वाटेत कुठे अडते, हा सामाजिक समतेचाच प्रश्न आहे. येथे तो सिकलसेल या आजाराच्या आधारे मांडायचा आहे. कारण विदर्भातील आणि सातपुड्यातील आपल्या वस्त्यांना हा आजार परका नाही.

शिकवणे हेही परिचर्येचेच काम

परिचर्या म्हणजे सुई टोचणे, ताप मोजणे आणि बिछाना बदलणे अशी एक समजूत आहे. देहाची घाण हाताळणारे काम हलके, आणि ते करणारी बाईही हलकी, या जातिमूलक दृष्टीतून ती आली आहे. शास्त्र वेगळे सांगते. १९६० साली आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषदेने व्हर्जिनिया हेंडरसन यांची एक पुस्तिका प्रसिद्ध केली. माणसाजवळ पुरेसे बळ, इच्छा किंवा ज्ञान असते तर जी कामे त्याने स्वतःच केली असती, त्यांत त्याला मदत करणे आणि तीही तो लवकरात लवकर स्वावलंबी होईल अशा रीतीने करणे, असा परिचर्येचा अर्थ त्यांनी मांडला. यातला 'ज्ञान' हा शब्द महत्त्वाचा आहे. बळ कमी असेल तर आधार द्यायचा, तसे ज्ञान कमी असेल तर ते द्यायचे. दोन्ही एकाच कामाचे भाग आहेत.

आपल्याकडे तर ही दोन कामे एकाच बाईच्या हातून झालेली आहेत. मुलींना शिकवणाऱ्या सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करतानाच मरण पावल्या.

परिचर्येच्या शिक्षणात कामाच्या पाच पायऱ्या सांगतात : रुग्णाची नीट पाहणी करणे, त्याची अडचण ठरवणे, योजना आखणे, ती अमलात आणणे आणि परिणाम तपासणे. रुग्णाला शिकवतानाही याच पायऱ्या लागतात. त्याला आधीच काय ठाऊक आहे, कशाची भीती आहे, घरी स्वयंपाक, पैसा आणि निर्णय कोणाच्या हाती आहे, हे न विचारता दिलेली माहिती म्हणजे पाठ केलेले भाषण होय.

आजार काय आहे

तांबड्या रक्तपेशीतील हिमोग्लोबिन फुप्फुसातील प्राणवायू सर्व अंगाला पोचवते. सिकलसेलमध्ये त्याच्या घडणीत एक छोटासा बदल झालेला असतो. प्राणवायू सोडल्यावर हे हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटते आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी व कडक होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते. ही पेशी साधारण १० ते २० दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी पडते. वाकड्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पुढच्या भागाला रक्त मिळत नाही. म्हणून हाडे, सांधे, पोट, छाती असह्य दुखतात.

शिकागोतील डॉ. हेरिक यांनी १९१० साली अशा पेशींची नोंद केली. भारतात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरात आणि १९५८ साली शुक्ल व सोळंकी यांनी नागपूर भागात हा दोष नोंदवला. ज्या प्रदेशांत मलेरियाचा कहर होता तेथे हा गुण टिकला. कारण आईबापांपैकी एकाकडूनच तो मिळालेल्या मुलाला प्राणघातक मलेरियापासून बरेच संरक्षण मिळते. म्हणजे हा कोणाच्या पापाचा, अस्वच्छतेचा किंवा 'खालच्या रक्ता'चा पुरावा नाही. गोंड, भिल्ल, पावरा यांच्यात तो आहे, बौद्धांत आहे, तेली-कुणब्यांतही आहे. तरीही 'तुमच्या लोकांचा आजार' हे शब्द दवाखान्याच्या रांगेत ऐकू येतात. ज्या परिचारिकेला मलेरियाचा हा इतिहास ठाऊक आहे, ती हे वाक्य तिथल्या तिथे थांबवू शकते.

एकाच्या हाती दिलेले ज्ञान

घरच्या माणसांना शिकवल्याने खरोखर काही फरक पडतो काय, असे काही जण विचारतात. याचे उत्तर जमैका बेटावर मिळालेले आहे. सिकलसेलच्या लहान मुलांत कधी कधी पाणथरीत अचानक रक्त साठते, पोटाची डावी बाजू फुगते, मूल पांढरेफटक पडते आणि काही तासांत दगावू शकते. किंग्स्टन येथील सिकलसेल दवाखान्यात आईबापांना बाळाची पाणथरी डाव्या बरगडीखाली बोटांनी कशी चाचपायची, ती वाढलेली कशी ओळखायची आणि वाढली की तत्काळ कसे यायचे, हे शिकवण्यात आले. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार अशा दर १०० प्रसंगांमागे होणारे मृत्यू सुमारे २९ वरून ३ पर्यंत खाली आले. नोंदलेले प्रसंग मात्र वाढले. कारण पूर्वी न ओळखताच निघून जाणारी मुले आता आईच्या बोटांना कळू लागली होती.

येथे कोणतेही नवे यंत्र आले नव्हते. डॉक्टरांच्या बोटांत असलेले ज्ञान आईच्या बोटांत गेले, एवढेच झाले. हे आपल्या आरोग्यसेविका आणि आशाताईही शिकवू शकतात.

काय शिकवायचे

आजारी मुलाच्या घरी आधी जीव वाचवणाऱ्या गोष्टी सांगाव्यात. ताप १०१ अंश फॅरनहाइटच्या पुढे गेला तर गोळी देऊन सकाळची वाट पाहू नये; त्याच रात्री रुग्णालय गाठावे. या मुलांची पाणथरी लवकर निकामी होते आणि जंतुसंसर्ग वेगाने पसरतो. म्हणूनच पाच वर्षांपर्यंत पेनिसिलिन रोज द्यायचे आणि लसी चुकवायच्या नाहीत. छातीत दुखून धाप लागणे, तोंड वाकडे होणे, हातपाय लुळे पडणे, बोबडी वळणे, अचानक पांढरे पडणे, या खुणा दिसल्या की थांबायचे नाही. मुलग्यांच्या लिंगाला वेदनेसह ताठरता येऊन ती उतरत नसेल तर लाजेने लपवू नये. त्यावरही तातडीचा उपचार आहे.

त्यानंतर रोजच्या गोष्टी. पाणी भरपूर प्यावे, थंडी-पावसात अंग कोरडे व उबदार ठेवावे, दुखऱ्या जागी शेक द्यावा, बर्फ लावू नये. फॉलिक ॲसिडची गोळी रोज घ्यावी. लोहाच्या गोळ्या मात्र रक्त तपासून लोहाची उणीव दिसली तरच घ्याव्यात. रक्त कमी म्हणजे लोह कमी, हा हिशेब या आजारात नेहमी खरा नसतो. हायड्रॉक्सियुरिया हे औषध दुखण्याचे झटके कमी करते. परंतु त्याचा गुण यायला महिने लागतात, ते रोज घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. मूल हवे असेल तर स्त्रीने आणि पुरुषानेही आधी डॉक्टरांशी बोलावे. हे कारणांसह सांगितले नाही, तर पंधरा दिवसांत 'गुण नाही' म्हणून बाटली कोनाड्यात जाते आणि दोष 'अडाणी' रुग्णावर येतो.

पण नुसते सांगून भागत नाही. 'भरपूर पाणी प्या' हे वाक्य कापूस वेचणाऱ्या किंवा मे महिन्यात तेंदूपाने तोडणाऱ्या बाईला सांगताना परिचारिकेने पुढचा प्रश्न विचारलाच पाहिजे : पाणी कुठले? शेतात कोण आणून देते? विहीर किती दूर? १९२७ साली महाडला आपण पाण्यासाठी उभे राहिलो. आजही पाण्याचा सल्ला आणि पाण्याचा हक्क वेगळे करता येत नाहीत.

'समजलं का?' हा प्रश्न

सल्ला देऊन झाल्यावर 'समजलं का?' असे विचारले जाते आणि 'हो बाई' असे उत्तर येते. पिढ्यान्‌पिढ्या मोठ्या लोकांसमोर मान हलवण्याची सक्ती ज्यांच्यावर झाली, त्यांच्या 'हो'चा अर्थ 'समजले' असा होत नाही. पुष्कळदा 'आता मला जाऊ द्या' असा होतो. म्हणून परिचर्येत दुसरी रीत सांगितली आहे. 'मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय. रात्री पोराला ताप आला तर तुम्ही काय कराल, ते सांगा बरं ताई.' या प्रश्नात परीक्षा शिकवणाऱ्याची होते, शिकणाऱ्याची नव्हे. उत्तर चुकले तर पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगायचे. गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या घरात त्यांच्या बोलीची प्रौढ बाई सोबत घ्यायची. आईच्या आजाराचा दुभाषा तिच्या लहान मुलाला करायचे नाही.

दुखण्याबाबतही हेच. वेदना मोजणारे यंत्र नाही. 'शून्य म्हणजे दुखत नाही, दहा म्हणजे सहन होत नाही, आता किती?' असे विचारून रुग्ण सांगेल तो आकडा लिहायचा असतो. बाहेरून जखम दिसत नाही, सूज नाही, म्हणून मजुराचा तरुण मुलगा 'नाटक करतो' असे ठरवले जाते आणि औषध लांबते. रुग्णाच्या शब्दावर विश्वास ठेवणे ही येथे दया नाही. तो उपचाराचा पहिला निर्णय आहे.

लग्न, गर्भ आणि निर्णय

सर्वांत अवघड शिकवण येथे आहे. दोष एकाच पालकाकडून आला तर माणूस वाहक असतो. तो रुग्ण नव्हे. दोघांकडून आला तर आजार होतो. वाहक आणि निरोगी यांच्या मुलांत हा आजार होत नाही. प्रत्येक मूल वाहक असण्याचा संभव ५० टक्के. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात २५ टक्के आजाराचा, ५० टक्के वाहकाचा आणि २५ टक्के निरोगी मुलाचा संभव. 'प्रत्येक' हा शब्द ठासून सांगावा लागतो. पहिले मूल आजारी झाले म्हणजे पुढची तीन सुटली, असा अर्थ नाही. दरवेळी तोच खेळ नव्याने सुरू होतो. शिवाय दोष दोघांकडून आला आहे. तेव्हा सुनेच्या माथी तो मारणे शास्त्रालाही धरून नाही.

गावात होणारी साधी विद्राव्यता चाचणी दोष आहे एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे सांगत नाही. त्यासाठी पुढची तपासणी हवीच. तिचा निकाल त्या व्यक्तीला एकांतात सांगायचा. चावडीवर कार्ड वाचून दाखवले की मुलीचे लग्न मोडते आणि पुढच्या वेळी वस्ती तपासणीलाच येत नाही.

दोन वाहकांनी लग्न करू नये, असा हुकूम देण्याचा अधिकार परिचारिकेला नाही. तिने वाटा सांगायच्या. गरोदरपणात साधारण १० ते १२ आठवड्यांच्या सुमारास गर्भाच्या वारेचा अंश तपासता येतो, पुढे गर्भजल तपासता येते. १९९४ च्या कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी नोंदणीकृत केंद्रात अशा तपासणीला परवानगी दिली आहे. म्हणून दिवस राहिल्याबरोबर येणे महत्त्वाचे. पुढे काय करायचे ते त्या बाईने ठरवायचे. जन्माला आलेले आजारी मूल मात्र कोणाची चूक नव्हे; त्याला औषध, शाळा आणि सन्मान मिळालाच पाहिजे.

बाबासाहेबांनी १९१६ सालच्या निबंधात जातीचे मूळ सजातीय विवाहात दाखवले. एका लहान कुंडलीत लग्ने होत राहिली की दोन वाहक एकत्र येण्याचा संभवही वाढतो. आंतरजातीय विवाह हा सिकलसेलवरचा उपाय नव्हे. दुसऱ्या जातीतही वाहक असतात आणि तपासणी लागतेच. पण जातीची भिंत देहाच्या आतपर्यंत कशी पोचते, हे या आजाराने दाखवून दिले आहे.

आपण काय करायचे

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. बाधित भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे त्याचे उद्दिष्ट आहे. तपासणीचा आकडा मोजणे सोपे आहे. तपासलेल्या किती जणांना आपला निकाल स्वतःच्या शब्दांत सांगता येतो, हे कोण मोजणार? ते कार्यकर्त्यांनी विचारले पाहिजे. एकाच परिचारिकेकडे भरगच्च वॉर्ड आणि नोंदींची चळत दिली तर ती शिकवणार केव्हा, हेही विचारले पाहिजे. तिच्या कामाच्या वेळेची मागणी ही रुग्णाच्या ज्ञानाची मागणी आहे.

शिक्षकांनी एवढे तरी करावे. सिकलसेलच्या मुलाची लघवी पातळ होते आणि त्याला वारंवार जावे लागते. त्याला अडवू नये. पाण्याची बाटली बाकावर ठेवू द्यावी. उन्हात उभे करण्याची शिक्षा देऊ नये, खेळताना दम लागला तर बसू द्यावे, झटक्यामुळे बुडालेला अभ्यास भरून द्यावा. विद्यार्थ्यांनी आपल्या वस्तीत पंचवीस-पन्नास-पंचवीसचा हिशेब चिंचोके मांडून समजावून द्यावा. आणि रुग्णालयात आपल्या माणसासोबत जाणाऱ्या प्रत्येकाने परिचारिकेला तीन प्रश्न विचारावेत : हे काय आहे? घरी काय करायचे? कशावरून समजायचे की लगेच परत यायला हवे? या प्रश्नांची उत्तरे मिळेपर्यंत तेथून उठू नये.