परदेशातील मास्तरकी आणि मुलाखतीची तयारी

परदेशात इंग्रजी शिकविण्याच्या नोकरीसाठी मुलाखतीस कसे जावे, हा आजचा विषय. कामगार संघटनेच्या माणसाने यावर काय बोलावे, असे काहींच्या मनात आले असेल. आमची शाळा सातवीतच सुटली. पुढे इंग्रजी शिकलो ते कोश हाती घेऊन करारपत्रे वाचता वाचता. परंतु मालकासमोर वाटाघाटीला बसण्यात आमची तीस वर्षे गेली, आणि मुलाखत ही तरी काय आहे? एकाला काम करून हवे असते, दुसऱ्याला काम हवे असते, आणि दोघे अटी ठरवावयास बसतात. आपल्या जत तालुक्यातील बी. एड. झालेली मुलेमुली मात्र परीक्षेला बसल्यासारखी बसतात. विचारले तेवढ्याचे उत्तर देतात, आणि निवड झाली असे कळताच आनंदाने सही करतात.

म्हणून तयारीचे दोन भाग करू. आपण काय दाखवावयाचे हा पहिला, आणि आपण काय विचारावयाचे हा दुसरा.

पहिला भाग पाठाचा. बहुतेक ठिकाणी दहा-पंधरा मिनिटांचा पाठ घ्यावयास सांगतात. हल्ली तो पडद्यावरच घ्यावा लागतो. आपली मुले तेथे व्याकरणाची व्याख्या म्हणून दाखवितात. समोरची माणसे पाहात असतात ते निराळेच: शिक्षक किती बोलतो आणि विद्यार्थ्याला किती बोलावयास लावतो. 'अ' आणि 'द' या इंग्रजी उपपदांचेच उदाहरण घ्या. मराठीत ती नाहीत, कानडीतही नाहीत. टेबलावर तीन पेन्सिली आणि एक पेन ठेवा. 'गिव्ह मी अ पेन्सिल' म्हटले की तिघींतली कोणतीही चालते. 'गिव्ह मी द पेन' म्हटले की कोणते पेन हा प्रश्नच उरत नाही, कारण ते एकच आहे. मग मुलांना एकमेकांकडे वस्तू मागावयास लावा. व्याख्या शेवटी सांगितली तरी चालते.

ज्या देशात जावयाचे तेथील मुले कोठे अडतात, हेही आधी पाहून ठेवावे. अरबी भाषेत 'प' हा वर्ण नाही, म्हणून अरब मुलाच्या तोंडी 'पार्क'चे 'बार्क' होते. ओठांपुढे कागदाची पट्टी धरून 'पार्क' म्हणवून घ्यावे. इंग्रजी 'प' श्वासाच्या जोरावर निघतो, पट्टी हलते. 'ब'ला ती जवळजवळ हलत नाही. येथे आपलीही परीक्षा होते. आपला मराठी 'प' इतका मऊ असतो की पट्टी जागची हलत नाही! तेव्हा आधी स्वतः सराव करावा. 'हॉल'ला 'हाल' म्हणणे, इंग्रजीतले दोन निराळे 'व' एकच करणे, या आपल्या खोडी सुधाराव्यात. साहेबी हेल मात्र उसना आणू नये. स्पष्ट बोलणे पुरे असते.

'तुमची मातृभाषा इंग्रजी नाही, मग तुम्हांस का घ्यावे?' हा प्रश्न यावयाचाच. जतच्या माणसाने त्याला भिण्याचे कारण नाही. आपल्या पूर्व भागातील मूल घरी कानडी बोलते, बाजारात मराठी बोलते आणि शाळेत इंग्रजी शिकते. परकी भाषा शिकताना पाय कोठे घसरतो, हे त्याने स्वतः घसरून पाहिलेले असते. तेच नम्रपणे सांगावे. १९५० आणि १९६० च्या दशकांत इथिओपियाच्या शाळांतून कितीतरी भारतीय शिक्षक शिकवीत होते, त्यांचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती. तथापि काही देशांचे नियम आड येतात. दक्षिण कोरियाने इंग्रजी शिकविण्याचा नेहमीचा व्हिसा सात इंग्रजीभाषी देशांच्या नागरिकांपुरता ठेवला. भारतीयांना वाट मिळाली ती २०१० साली अंमलात आलेल्या व्यापारी करारामुळे, आणि तीही अध्यापनाचा परवाना असेल तर. म्हणून कोणालाही पैसे देण्यापूर्वी आपल्या पारपत्रावर व्हिसा मिळतो का, हे विचारावे.

आता दुसरा भाग. एकोणिसाव्या शतकात रत्नागिरीकडची मराठी माणसे मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर गेली. त्यांच्या कराराला 'गिरमिट' म्हणत. 'अॅग्रीमेंट' या शब्दाचाच तो अपभ्रंश. न वाचता येणाऱ्या कागदावर त्यांनी अंगठा उठविला. आज आपली पदवीधर मुले वाचता येणाऱ्या कागदावर न वाचता सही करतात! १९८३ च्या कायद्याने कमी शिकलेल्या मजुरासाठी प्रोटेक्टर हा सरकारी अधिकारी नेमला. असा मजूर आखातात निघाला, तर त्याच्या कामाचे कागद पाहिल्यावाचून त्याला जाऊ देत नसत. शिकलेल्या माणसाला मात्र यातून सूट दिली, कारण त्याला स्वतःचे हित कळते असे कायद्याने धरले. म्हणजे मास्तरांचा करार मास्तरांनीच वाचावयाचा.

यात आमचीही एक चूक सांगितली पाहिजे. एक तरुण शिक्षक करारपत्र घेऊन आमच्याकडे आला होता. महिना ६,००० दिरहम हा आकडा पाहून आम्हीच म्हणालो, 'जा बाबा.' त्यात मूळ वेतन २,४०० आणि बाकीचे भत्ते होते, ते आम्ही पाहिलेच नाही. संयुक्त अरब अमिरातीत नोकरी सुटताना मिळणारी रक्कम पहिल्या पाच वर्षांसाठी दर वर्षाला एकवीस दिवसांच्या मूळ वेतनाइतकी असते. चार वर्षांनी त्याच्या हाती ६,७२० दिरहम आले. सगळा पगार मूळ वेतनात असता, तर १६,८०० आले असते. कारखान्यातल्या कामगारांना जे आम्ही जन्मभर सांगत आलो, तेच आपल्या माणसासाठी पाहावयास विसरलो.

तेव्हा हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत. मूळ वेतन किती आणि भत्ते किती? आठवड्याला तास किती, आणि तासांबाहेरची कामे कोणती? उन्हाळी सुटीचा पगार मिळतो का? घर, औषधपाणी आणि परतीचे तिकीट कोणाकडे? उमेदवारीचा काळ किती? मध्येच सोडल्यास काय भरावे लागते? पारपत्र माझ्याकडेच राहील ना? व्हिसा कामाचा की पर्यटनाचा? उत्तरे लेखी मागावीत. चांगल्या शाळेला याचा राग येत नाही.

एजंटाविषयी थोडे. आपला ऊसतोड मजूर मुकादमाकडून उचल घेतो आणि हंगामभर बांधला जातो. पण निदान त्याच्या हाती पैसे तरी पडतात. येथे शिकलेला माणूस आपणच पैसे देऊन बांधला जातो! १९८३ च्या कायद्याने एजंटाला नोंदणी सक्तीची केली, आणि २०१७ साली त्याच्या मोबदल्याची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक कर अशी ठरली. नोंदणी पाहावी आणि पावती घ्यावी. पावती नाही म्हणणाऱ्याला पैसाही नाही.

कागदपत्रे मुलाखतीपूर्वीच सिद्ध ठेवावीत. पदवीवर आणि पारपत्रावर नाव एकच हवे. लग्नानंतर नाव बदललेल्या आमच्या भगिनींची येथे फार अडचण होते. भारत २००५ साली अपॉस्टिलच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला, त्यामुळे त्या करारातील बहुतेक देशांना परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का पुरतो; अमिरातीसाठी त्यांच्या वकिलातीचाही लागतो. या कामात आठवडे जातात.

शेवटी सरावाचे. वाटाघाटीच्या आदल्या रात्री आम्ही संघटनेच्या कचेरीत एकाला मालक करून बसवितो आणि त्याला शक्य तितके वाकडे बोलावयास सांगतो. तुम्हीही चौघे मिळून तसेच करा. एकाने मुख्याध्यापक व्हावे, एकाने उमेदवार. मुलाखतीच्या अखेरीस ते हमखास विचारतात, 'तुम्हांला काही विचारावयाचे आहे का?' आपली मुले संकोचाने 'नाही' म्हणतात. तसे म्हणू नका. वही उघडा आणि पहिला प्रश्न विचारा.