चढ संपतो, वारा संपत नाही

पुण्याकडच्या सायकलवाल्यांपुढे बालाघाटाचे नाव काढले की ते हसतात. त्यांच्या खात्यावर वरंध, ताम्हिणी, आंबेनळी जमा असतात. धाराशिव जिल्ह्यात कुठला आलाय घाट, असा एकूण सूर. आकडेही त्यांच्याच बाजूने बोलतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून साडेचारशे मीटरच्या आसपास आहे, तुळजापूर साडेसहाशेच्या. मधले अंतर सुमारे 45 किलोमीटर. एवढ्या लांबवर मिळून चढायचे दोनशे मीटर! वाईहून पाचगणीला जाताना पसरणीचा घाट याच्या दुपटीहून जास्त उंची बारा-तेरा किलोमीटरांत चढून जातो.

तरीही हीच मंडळी दुपारी येडशीच्या चौकात सायकल भिंतीला टेकवून बसली की हसणे मावळलेले असते आणि प्रश्न एकच असतो: इथे वारा नेहमीच असा असतो का?

असतो. बालाघाट म्हणजे सुळक्यांचा, कड्यांचा डोंगर नव्हे. दख्खनच्या काळ्या खडकाचे हे पठार, सोलापूर-बार्शीकडून बघितले तर डोंगर आणि वर चढून आले तर माळ. त्यामुळे इथल्या सायकलस्वाराला दोन वेगवेगळी कामे करावी लागतात. एकदा कड चढायची आणि मग माळ सोसायचा. पहिले काम थोडक्यात आटोपते. दुसऱ्याला अंत नाही.

सोलापूर सोडल्यावर तामलवाडीपर्यंत रस्ता बऱ्यापैकी सरळ चालतो. पुढे समोर टेकड्यांची एक बुटकी रांग दिसू लागते आणि चाक जड व्हायला लागते. डोळ्यांना अजून चढ दिसत नाही, पण मांड्यांना कळलेला असतो. इथे घाई करायची नाही. पुढची छोटी चकती आणि मागची मोठी, असे गिअर आधीच पाडून घ्यायचे. चढ अंगावर आल्यावर, पायडलवर सगळा भार असताना गिअर बदलायला गेलात तर चेन कुरकुरते, कधी उतरते. पुढे 34 दात्यांची चकती आणि मागे 32 दात्यांची असेल तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम सव्वादोन मीटर सरकते. मिनिटाला साठ फेरे मारले तर वेग ताशी आठ किलोमीटर. चालणाऱ्याच्या पुढे, पण फार पुढे नाही. श्वास आणि पाय यांचा मेळ बसला की मग घाट आपोआप मागे पडत जातो. उठून उभे राहून जोर मारणारे पहिल्या वळणावर पुढे जातात आणि तिसऱ्यावर पाणी पीत बसलेले भेटतात.

या घाटात काळ्या बावीस इंची सायकलीला दोन्हीकडे किटल्या लावून चालवणारे दूधवाले पूर्वी दिसत. त्या सायकलीला गिअर एकच. एका फेऱ्याला पाच मीटरांहून जास्त ओढणारा. ते चढावर शहाण्यासारखे उतरून सायकल ढकलत. आम्ही गिअरवाले त्यांच्या शेजारून पुढे जायचो ते फार मोठ्या फरकाने नव्हे. चौपदरी महामार्ग झाल्यापासून चढ पसरट झाला आहे, वळणे मोठी झाली आहेत. सायकलीला टोल लागत नाही, एवढी एक चैन.

कोजागरीला मात्र हा रस्ता सायकलीचाही नसतो. त्या वेळी सोलापूरहून हजारो माणसे तुळजापूरला पायी निघतात, रस्त्यावरची वाहतूक दुसरीकडे वळवली जाते. त्याआधी नवरात्राच्या तोंडावर गावोगावची पोरे तुळजापुरातून ज्योत पेटवून घेऊन पळत आपापल्या गावी जातात. पुढे ज्योत घेतलेला एक अनवाणी पोरगा, मागे टेम्पो, टेम्पोत दमलेले दहा-बारा जण, आणि आळीपाळी चालूच. चढावर दम लागल्याची तक्रार या पोरांसमोर कोणत्याही सायकलवाल्याने करू नये.

घाटमाथ्यावर तुळजापूर. देवळात जायला मात्र पुन्हा पायऱ्या उतराव्या लागतात, कारण देऊळ पठाराच्या उतारावर बांधलेले आहे. 1853 मध्ये नळदुर्ग जिल्हा निजामाकडून इंग्रजांकडे गेला आणि फिलिप मेडोज टेलर तिथला कारभारी झाला. ठगांवरच्या कादंबरीमुळे नाव कमावलेला हा माणूस. 1860 साली जिल्हा निजामाला परत मिळाला. टेलरने मात्र 1863 मध्ये छापलेल्या ‘तारा’ या कादंबरीत तुळजापूर आणले. त्याला हा सगळा मुलूख घोड्यावरून दिसला. घोडा थकला तर मालकाला कळायला वेळ लागतो. सायकलीवर थकणारा आणि बघणारा एकच असतो, म्हणून जमिनीची बारीकशी चढण-उतरणही सुटत नाही.

तुळजापूरहून धाराशिव बावीस-तेवीस किलोमीटर, पुढे येडशी आणखी वीसेक. नकाशावर हा पट्टा सपाट दिसतो. प्रत्यक्षात इथेच कस लागतो. हवेचा अडथळा सापेक्ष वेगाच्या वर्गाने वाढतो, हे शाळेत शिकलेले गणित इथे मांडीत भिनते. आपण ताशी वीसने चाललो आहोत आणि समोरून ताशी वीसचाच वारा आहे, तर हवेचा रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. हिशेब मांडला तर तो जादा रेटा सुमारे अडीच-तीन टक्क्यांच्या चढाएवढा भरतो. फरक इतकाच की घाटाला माथा असतो. वाऱ्याला नसतो, आणि माथ्यानंतरचा उतारही नसतो. अशा वेळी हँडलचा खालचा वाक धरून कोपरे आत घ्यायची, नजर चाकापुढच्या दहा मीटरांवर ठेवायची आणि वेगाचा आकडा दाखवणारे यंत्र सरळ झाकून टाकायचे.

समोरचा वारा निदान प्रामाणिक असतो. आडवा वारा कपटी. थंडीत वारा पूर्व-ईशान्येकडून वाहतो, म्हणजे धाराशिवकडे जाताना उजव्या अंगाने. त्याला तोल देण्यासाठी आपण नकळत उजवीकडे झुकलेलो असतो. इतक्यात उजवीकडूनच ट्रक ओलांडून जातो, क्षणभर वारा अडतो, आणि झुकलेले अंग ट्रकच्याच दिशेने जाते. ट्रक पुढे सरकला की वारा परत थोबाडीत मारतो आणि सायकल डावीकडे फेकली जाते. हे सगळे दोन-तीन सेकंदांत घडते. उपाय साधा आहे: मागून अवजड गाडीचा आवाज आला की पायडल थांबवायचे नाही, हँडल आवळायचे नाही, आणि डावीकडे हातभर जागा आधीच राखून ठेवायची.

ही जागा राखायची कुठे, हा खरा प्रश्न. साईडपट्टीवर वाळू आणि काचा, शिवाय उलट्या बाजूने येणाऱ्या मोटारसायकली. उसाचा हंगाम सुरू झाला की त्यात दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर. ट्रॉलीच्या दोन्ही बाजूंना ऊस हातभर बाहेर आलेला, मागे दिवा नाही, आणि टेपवर गाणे इतके मोठ्याने की मागून कुणी घंटी वाजवतो आहे याचा ड्रायव्हरला पत्ता नसतो. दिवसा ही ट्रॉली सायकलवाल्याची मैत्रीण असते; तिच्या आडोशाने वारा चुकवत दोन-तीन किलोमीटर सुखात जातात. अंधारात तीच यमदूत.

या पठारावर एक गोष्ट मात्र सायकलीनेच समजते. धाराशिव शहरातून भोगावती वाहते. ती सीनेला मिळते, सीना भीमेला, भीमा कृष्णेला. शहराच्या पूर्वेला तेरकडे गेलात की तेरणा. तिचे पाणी मांजरेतून गोदावरीला. म्हणजे या माळावर पडलेल्या पावसाची वाटणी होते, अर्धा कृष्णेचा, अर्धा गोदावरीचा. गाडीतून जाताना ही सीमा कळत नाही. सायकलीवर कळते, कारण एका साध्याशा उंचवट्यावर पायडल अचानक हलके होते आणि दोन्हीकडची शेते आपल्यापासून उतरत गेलेली दिसतात. पावसाळ्यात सोयाबीन, थंडीत ज्वारी आणि हरभरा, अधूनमधून द्राक्षबाग. पाऊस मुळातच बेताचा, त्यात हा वाटा.

पंक्चरबद्दल वेगळे बोलायला हवे. पावसाळा संपला की रस्त्याच्या कडेला सराटे वाळतात, आणि कुंपणासाठी तोडलेल्या वेड्या बाभळीच्या फांद्या वाहून नेताना रस्त्यावर काटे सांडतात. सराटा टायरमध्ये रुततो आणि मोडतो. ट्यूब बदलली तरी टोक आत राहते आणि पाच मिनिटांत दुसरी ट्यूब जाते. म्हणून टायरच्या आतून फडके फिरवायचे. जिथे फडके अडकेल तिथे काटा. गावातला पंक्चरवाला हे काम बोटांनी करतो, आणि आपल्यापेक्षा लवकर. त्याची अडचण एकच, या सायकलींचा बारीक व्हॉल्व्ह. त्याच्या कॉम्प्रेसरची नळी त्यावर बसत नाही. पन्नास-साठ रुपयांची पितळी टोपी खिशात ठेवली तर तो अडत नाही आणि आपणही.

सायकल उलटी करून ठेवली की माणसे जमतातच. एखादे आजोबा एका हाताने सायकल उचलून वजनाचा अंदाज घेतात.

“कुठलं गाव, पाव्हणं?”

“सोलापूर.”

“शर्यत हाय का?”

“नाही, असंच.”

“मग पैसे कोण देतंय?”

कुणीच देत नाही म्हटल्यावर ते सायकल खाली ठेवतात आणि हॉटेलवाल्याला चहा सांगतात. सोबत गरम सुशीला, म्हणजे भिजवून परतलेले चुरमुरे, असेल तर नाही म्हणू नये. चढापूर्वी पोटाला एवढे हलके आणि एवढे मिठाचे दुसरे काही या भागात मिळत नाही. गुलाबजाम मात्र दौड संपल्यावर. धाराशिवचा गुलाबजाम खाऊन कुणीही वेगात निघालेला बघितला नाही.

येडशीला पठाराची दुसरी कड येते. बार्शीकडे उतरणारा रस्ता रामलिंगच्या अभयारण्याच्या अंगाने जातो. खाली दरीत रामलिंगाचे देऊळ, रावण आणि जटायूची झुंज इथेच झाली अशी श्रद्धा. जिल्ह्यात झाडांची खरी सावली लागते ती या टापूत, आणि माकडेही. उतारावर खाण्याची पिशवी हँडलला लटकवू नका. ब्रेक सतत दाबून ठेवला तर रिम तापते. वळणाआधी दाबायचा, वळणात सोडायचा, भार बाहेरच्या पायावर ठेवायचा.

याच चढाला एकदा रेल्वेनेही तोंड दिले. एव्हरार्ड कॅलथ्रॉपने बार्शी लाइट रेल्वे 762 मिलिमीटरच्या अरुंद रुळांवर उभी केली. कुर्डुवाडी-बार्शी तुकडा 1897 मध्ये सुरू झाला आणि 1911 पर्यंत गाडी येडशीवरून लातूरला पोचली. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नको, हे त्याचे सूत्र. भार कमी ठेवला की वळण घट्ट घेता येते, चढ परवडतो. सायकलीचे शास्त्रही हेच सांगते, म्हणून जादा पाण्याची बाटली सोडून बाकी सामान घरी ठेवलेले बरे. जिल्ह्याचे गाव मात्र त्या गाडीने बाजूलाच टाकले होते. ब्रॉडगेज झाली तेव्हा कुठे धाराशिवला स्टेशन मिळाले.

इकडे यायचे असेल तर दिशा वाऱ्याला विचारून ठरवा. पावसाळ्यात आणि त्याच्या शेवटी सोलापूरहून येडशीकडे चला, नैऋत्येचा वारा पाठीशी आणि डाव्या खांद्यावर राहील. थंडीत उलटे, बार्शीकडून घाट चढून तुळजापूरकडे. गाळप सुरू असेल तर दिवस मावळायच्या आत मुक्काम गाठा. आणि साखर कारखान्यांना एक विनंती: वजनकाट्यावर ट्रॉली घेतानाच तिच्या मागे लाल रिफ्लेक्टरची पट्टी चिकटवा. ती नसेल तर ऊस उतरवून घेऊ नका.